चारचौघांतला मेंदू

माणूस चारचौघांत आपलं मत का गिळतो, याचं आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: कणा नसतो म्हणून. कणा असलेला बोलतो, नसलेला मान डोलावतो. मुलांना वाढवताना, पुढाऱ्यांना जोखताना, कचेरीतल्या सहकाऱ्यांबद्दल घरी बोलताना आपण हीच मोजपट्टी लावतो. गेल्या पाऊणशे वर्षांत मानसशास्त्रानं आणि गेल्या वीसेक वर्षांत मेंदूविज्ञानानं जे समोर आणलं आहे, त्यापुढे हे उत्तर फार तोकडं पडतं. आपलं मत इतरांपेक्षा वेगळं आहे असं दिसलं, की मेंदू त्या फरकाची नोंद बरीचशी चुकीसारखी करतो आणि ती चूक दुरुस्त करायच्या मागे लागतो. धैर्य दाखवायचं की नाही, हा विचार मनात येईपर्यंत त्या दुरुस्तीला सुरुवात झालेली असते. हे पुस्तक त्या दुरुस्तीविषयी आहे.

सुरुवात सॉलोमन ॲश यांच्यापासूनच करायला हवी. ॲश यांचा जन्म 1907 साली वॉर्सातल्या ज्यू कुटुंबात झाला. 1920 साली ते कुटुंब न्यूयॉर्कला आलं. लहानपणची एक आठवण ते पुढे सांगत असत. वल्हांडण सणाच्या रात्री जेवणाच्या टेबलावर प्रेषित एलीयासाठी वाइनचा एक जादा प्याला भरून ठेवतात. प्रेषित येतो आणि त्यातला घोट घेतो, नीट पाहा, असं घरातल्या वडीलधाऱ्यानं सांगितलं. लहानग्या सॉलोमननं डोळे लावून पाहिलं आणि प्याल्यातली वाइन किंचित खाली गेल्याचं त्याला दिसलं. इतरांच्या सांगण्यानं डोळ्यांना दिसतं तेही बदलू शकतं का, हा प्रश्न त्यांच्या मनात कदाचित त्या रात्रीच रुजला असेल.

पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकवत असताना त्यांनी तो तपासायला घेतला. सात-आठ कॉलेजकुमार एका खोलीत ओळीनं बसलेले. समोर दोन पांढरी पुठ्ठ्याची कार्डं. एकावर एकच उभी रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीएवढी लांब कुठली, ते प्रत्येकानं आपल्या पाळीला मोठ्यानं सांगायचं. प्रश्न इतका सोपा, की एकट्यानं उत्तरं देताना शंभरात एखादी चूकही मुश्किलीनं होई. पहिल्या दोन फेऱ्या बिनबोभाट पार पडतात. तिसऱ्या फेरीत पहिला मुलगा शांतपणे चुकीची रेघ सांगतो. दुसरा तीच सांगतो. तिसरा, चौथा, पाचवाही तीच. ओळीच्या जवळजवळ शेवटी बसलेल्या मुलाला ठाऊक नसतं, की बाकीचे सगळे ॲश यांनी आधी पढवून ठेवलेले आहेत. तो पुढे वाकतो, डोळे बारीक करतो, मान तिरकी करून पुन्हा रेघा पाहतो, अवघडून हसतो. मग त्याची पाळी येते.

अशा एकूण अठरा फेऱ्या होत आणि त्यातल्या बारांमध्ये बाकीचे ठरवून चुकत. 1956 साली ॲश यांनी 123 मुलांचे निकाल सविस्तर छापले. त्या बारा फेऱ्यांमधल्या उत्तरांपैकी सुमारे 37 टक्के उत्तरं बहुमताच्या बाजूनं, म्हणजे चुकीची होती. जवळपास तीनचतुर्थांश मुलं एकदा तरी बहुमतामागे गेली. सुमारे एकचतुर्थांश मुलं एकदाही गेली नाहीत.

पाठ्यपुस्तकं या आकड्यांची अर्धीच बाजू सांगतात, म्हणून दुसरी इथे सांगून ठेवतो. जवळजवळ दोनतृतीयांश उत्तरं बरोबर होती. ॲश यांना दोन्ही बाजूंचं कुतूहल होतं, आणि आकड्यांपेक्षाही जास्त मोलाचं काम त्यांनी प्रयोगानंतर केलं. प्रत्येक मुलाला बसवून त्यांनी विचारलं, की त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं? बहुमतामागे गेलेल्या मुलांचे तीन प्रकार त्यांना आढळले. थोड्यांचं म्हणणं, की आम्हाला खरोखरच तसं दिसलं. काहींना आपलं उत्तर बरोबर आहे हे माहीत होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं. सर्वांत मोठा गट मधला होता. या मुलांना डोळ्यांनी वेगळं दिसत होतं, पण इतके जण सांगताहेत म्हणजे आपल्याच नजरेत काहीतरी खोट असणार, असं त्यांनी धरलं होतं. दिसणं, ठरवणं आणि बोलणं अशा तीन ठिकाणी गर्दी माणसाला गाठते. पुढे मेंदूविज्ञानानं विचारलेले प्रश्न याच तीन जागांवरून फिरतात.

ॲश यांनी प्रयोगाला नाना कलाटण्या देऊन पाहिल्या. विरोधात एकच माणूस असेल तर मुलं जवळपास बधत नसत. दोघे झाले की चुका वाढत. तिघे झाले की दबाव जवळजवळ पुरता भरे, आणि पुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नसे. मग त्यांनी त्या मुलाला एक साथीदार दिला. बरोबर उत्तर देणारा एकच माणूस खोलीत असला, की बहुमतामागे जाण्याचं प्रमाण आधीच्या सुमारे पावपट होई. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे साथीदार बरोबर असण्याचीही गरज नव्हती. बहुमतापेक्षाही जास्त चुकीची रेघ सांगणारा कुणी निघाला, तरी मूळ मुलाची जीभ सुटे. एकमताला तडा जाणं एवढंच पुरत होतं. आणि उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तर चुका खूप घटत.

या प्रयोगांवर टीकाही झाली. ही पन्नाशीच्या दशकातल्या भेदरलेल्या अमेरिकेची गोष्ट आहे, असं कैकांनी म्हटलं. 1980 साली ब्रिटनमध्ये पेरिन आणि स्पेन्सर यांनी अभियांत्रिकी, गणित, रसायनशास्त्र अशा विषयांच्या विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हा 396 उत्तरांत फक्त एक उत्तर बहुमतामागे गेलं. ॲश खोटे ठरले असंच वाटावं. पण त्याच दोघांनी पुढे प्रयोगाला बसवले ते गुन्ह्यांबद्दल देखरेखीखाली असलेले तरुण, आणि बहुमताच्या जागी बसवले त्यांच्यावर देखरेख करणारे अधिकारी. या वेळी आकडे ॲश यांच्या आकड्यांच्या जवळ आले. वेगळं बोलण्याची किंमत कोणाला किती मोजावी लागणार, त्यावर सगळं अवलंबून आहे, हे त्या दोन प्रयोगांनी एकत्रितपणे जितकं स्पष्ट केलं तितकं क्वचितच कुणी केलं असेल. 2023 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात फ्रान्झेन आणि मादर यांनी तो प्रयोग पुन्हा मांडला. चुकांचं प्रमाण 33 टक्के निघालं. सत्तर वर्षांनी, दुसऱ्या खंडात, दुसऱ्या पिढीत.

1996 साली बाँड आणि स्मिथ यांनी 17 देशांतल्या 133 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. व्यक्तीपेक्षा समूहाला महत्त्व देणाऱ्या समाजांत री ओढण्याचं प्रमाण जास्त, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यावरून ‘आपण भारतीय तसलेच’ असं म्हणून मोकळं होऊ नये, अशी माझी वाचकांना आग्रहाची विनंती आहे. सरासरीवरून समोरच्या एका माणसाबद्दल काहीच कळत नाही, आणि पेरिन-स्पेन्सर यांचा प्रयोग सांगतो की एकाच देशात, एकाच काळात, परिस्थिती बदलली की माणसं बदलतात.

आता मेंदूकडे. एफएमआरआय यंत्रात माणसाला उताणं झोपवतात, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा ठासतात, कानात बोळे घालतात कारण यंत्र हातोडे मारल्यासारखं घणघणत असतं. डोळ्यांवरच्या लहानशा आरशातून त्याला पडदा दिसतो, हाताशी बटणं असतात. यंत्र विचार मोजत नाही. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिकडे प्राणवायूनं भरलेलं रक्त जास्त जातं, आणि या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात, एवढ्याच धाग्यावर ते चालतं. पेशींचं काम क्षणार्धात होतं. रक्ताचा ओघ वाढायला काही सेकंद लागतात. रंगीत चित्रं पाहताना हे अंतर डोक्यात ठेवायला हवं.

2005 साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी ॲश यांचा प्रयोग या यंत्रात नेला. रेघांऐवजी त्रिमिती आकृत्या होत्या. एक आकृती मनातल्या मनात फिरवून ती दुसरीसारखीच आहे की वेगळी, हे सांगायचं. यंत्रात जाण्याआधी प्रत्येकाची चार ‘सहभागी’ माणसांशी ओळख करून दिली जाई. ते अर्थातच पढवलेले होते. एकट्यानं सोडवताना सुमारे 14 टक्के उत्तरं चुकत. चौघं चुकीचं सांगताहेत असं दिसलं की 41 टक्के. तीच चुकीची उत्तरं संगणकाची म्हणून दाखवली तर 32 टक्के. बहुमतामागे जाताना मेंदूच्या मागच्या आणि वरच्या भागात, आकृत्या पाहण्या-फिरवण्याच्या जागी, हालचाल बदलली. बहुमताविरुद्ध जाताना भीतीशी आणि भावनिक महत्त्वाशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग जागा झाला. गर्दी दिसणंच बदलते, असा अर्थ बर्न्स यांनी लावला. त्यात तथ्य असू शकतं, पण मला तो अर्थ पूर्ण पटलेला नाही. इतर चौघं वेगळं सांगत असतील तर माणूस आकृती पुन्हा एकदा मनात फिरवून बघेल, आणि तेव्हाही मेंदूच्या त्याच जागा कामाला लागतील. दुसऱ्या भागाबद्दल मात्र, म्हणजे एकटं पडण्याच्या भावनिक ओझ्याबद्दल, पुढच्या अभ्यासांनी भर घातली.

त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वासिली क्लुचारेव्ह यांचा 2009 सालचा, नेदरलँड्समधला अभ्यास. त्यात स्त्रियांना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली आणि प्रत्येक चेहरा किती आकर्षक वाटतो त्याचे गुण द्यायला सांगितले. लगेच इतरांनी दिलेले गुण पडद्यावर येत. ते मुद्दाम कधी जुळते, कधी वरचे, कधी खालचे ठेवलेले होते. नंतर, आधी काही न सांगता, तेच चेहरे पुन्हा दाखवून पुन्हा गुण विचारले. गुण इतरांच्या दिशेनं सरकले होते.

हे समजायला थोडं मागं जावं लागतं. नव्वदीच्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा अभ्यास केला होता. अनपेक्षितपणे रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी उसळतात. अपेक्षित असलेला थेंब आला नाही की गप्प होतात. अपेक्षा आणि अनुभव यांतला फरक त्या मोजतात, आणि त्या फरकावरूनच प्राणी शिकतो. क्लुचारेव्ह यांना दिसलं ते असं, की इतरांचे गुण आपल्याशी जुळले नाहीत की मेंदूच्या मधल्या पुढच्या पट्ट्यातली चूक हेरणारी जागा जागी होते आणि बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेली, खोलवरची न्यूक्लिअस ॲक्युम्बन्स ही जागा मंदावते. रसाचा थेंब चुकल्यावर जे घडतं त्याच्याशी याचं साम्य आहे. ही हालचाल ज्यांच्यात जास्त, त्यांची मतं पुढे जास्त सरकली. दोन वर्षांनी त्याच गटानं आणखी एक पाऊल टाकलं. डोक्यावर चुंबकीय स्पंदनं देऊन मेंदूच्या त्या मधल्या पट्ट्याचं काम थोडा वेळ मंद केलं, तर मतं सरकण्याचं प्रमाण घटलं. नुसत्या चित्रापेक्षा हा पुरावा वजनदार आहे. एखादी जागा रंगली म्हणून ती कारण ठरत नाही. तिचं काम कमी करून परिणामही कमी झाला, तर तिचा हात होता असं म्हणायला जागा उरते.

मतभेद म्हणजे चूक, अशी मेंदूची नोंद होत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुठलं फळ खावं, कुठलं पाणी प्यावं, कुठल्या शब्दाचा अर्थ काय, हे प्रत्येकानं स्वतः पडताळून पाहिलं असतं तर माणूस टिकला नसता. आपण जे जाणतो त्यातलं बहुतेक इतरांकडून आलेलं आहे. जर्मनीतल्या लाइपझिग इथे डॅनिएल हाउन आणि मायकेल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या मुलांवर ॲश यांच्यासारखा प्रयोग केला, तेव्हा ती मुलंही सोबत्यांसमोर बोलताना बहुमतामागे गेली आणि उत्तर गुपचूप द्यायचं असलं की बरीच कमी गेली. चार वर्षांच्या वयात आतलं आणि बाहेरचं असे दोन हिशेब सुरू झालेले असतात. त्या वयाच्या मुलाला कुणी कणाहीन म्हणत नाही.

आतला हिशेबही बदलतो का? 2011 साली हार्वर्डमध्ये जमील झाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एखाद्या चेहऱ्याबद्दल इतरांचं मत कळल्यानंतर अर्ध्या तासानं तोच चेहरा पाहताना एखाद्या गोष्टीचं मोल ठरवणाऱ्या मेंदूच्या जागांची हालचालही बदललेली असते. म्हणजे माणसं नुसतं बोलण्यापुरतं बदलत नव्हती. पण आवडीनिवडी मुळातच लवचीक असतात, असं कुणी म्हणू शकेल. म्हणून मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत ती त्याच वर्षीच्या एका वेगळ्या अभ्यासावर.

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत मायका एडेलसन, टाली शारोत, रेमंड डोलन आणि यादिन दुदाई यांनी तीस माणसांना पाच-पाचच्या गटांत एक माहितीपट दाखवला. तीन दिवसांनी प्रत्येकाला एकट्यानं बोलावून त्यातल्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारले आणि कुठलं उत्तर किती खात्रीनं दिलं तेही टिपून ठेवलं. आणखी चार दिवसांनी त्यांना यंत्रात झोपवून तेच प्रश्न पुन्हा विचारले. या वेळी प्रश्नाबरोबर गटातल्या उरलेल्या चौघांची छायाचित्रं आणि त्यांची उत्तरं दिसत. ज्या प्रश्नांची उत्तरं या माणसानं आधी बरोबर आणि ठामपणे दिली होती, नेमक्या त्यांतल्या काहींना चौघांचीही उत्तरं चुकीची दाखवली जात. जवळजवळ 68 टक्के वेळा त्यानं स्वतःची बरोबर आठवण सोडली.

इथवर ॲशच. पुढचा भाग नवा आहे. आठवड्यानं त्याच माणसांना पुन्हा बोलावून सांगितलं, की ती उत्तरं तुमच्या सोबत्यांची नव्हती, संगणकानं कशीही भरलेली होती, आता फक्त तुम्हाला आठवतं ते सांगा. दबाव संपला होता. लाज वाटावी असं कुणी समोर नव्हतं. तरीही बदललेल्या उत्तरांपैकी सुमारे 41 टक्के उत्तरं चुकीचीच राहिली. मूळची, ठाम, बरोबर आठवण पुसली गेली होती. आणि कुठली आठवण परत येईल, कुठली नाही, हे यंत्रातल्या त्या क्षणाच्या हालचालीवरून ओळखता येत होतं. आठवण घडवणारा हिप्पोकॅम्पस आणि त्याला चिकटून असलेला अमिग्डाला हे दोन्ही एकत्र जोरात कामाला लागले असतील, तर बदल कायमचा होता. तीच चुकीची उत्तरं संगणकाची म्हणून दाखवली होती तेव्हा ही जोडी इतकी पेटली नव्हती.

एखाद्या गावातल्या दंगलीबद्दल, अपघाताबद्दल, पोलिसांच्या लाठीमाराबद्दल साक्षीदार आपापसांत बोलतात आणि मग न्यायालयात एकसारखं सांगतात, तेव्हा ते खोटं बोलताहेत असं आपण मानतो. काही बोलतही असतील. पण काहींच्या बाबतीत आता उलटतपासणीत उकरून काढायला खालची आठवण शिल्लकच नसेल. साक्षीदारांचे जबाब वेगवेगळे आणि लवकरात लवकर का नोंदवायचे, याला याहून भक्कम कारण मला माहीत नाही.

इथे हात आखडता घ्यायला हवा. या अभ्यासांतली माणसं थोडी आहेत, तीस किंवा त्याच्या आसपास. मेंदूत हजारो ठिकाणी मोजमाप केलं की योगायोगानंही कुठेतरी रंग भरतो. हे दाखवायला क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 साली एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’ आणि आकडेमोडीतली आवश्यक दुरुस्ती मुद्दाम गाळली. माशाच्या मेंदूतही हालचाल ‘दिसली’. त्यानंतर या क्षेत्रातली शिस्त बरीच वाढली. दुसरा सापळा अर्थ लावण्याचा. अमिग्डाला भीतीत जागा होतो, पण नवलाईत आणि आनंदातही होतो. तो जागा झाला म्हणून माणूस घाबरलाच, असं म्हणता येत नाही. वृत्तपत्रांतल्या ‘मेंदूतलं भीतीचं केंद्र सापडलं’ छापाच्या मथळ्यांवर विश्वास ठेवू नये.

एकटं पाडण्याच्या वेदनेबद्दलही हीच सावधगिरी हवी. 2003 साली नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी यंत्रातल्या माणसाला पडद्यावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ दिला. थोड्या वेळानं इतर दोघं त्याच्याकडे चेंडू टाकणं बंद करत. त्या वेळी शारीरिक वेदनेत जागी होणारी सिंग्युलेट नावाची जागा जागी झालेली दिसली. ‘वाळीत पडणं मेंदूला जखमेसारखंच दुखतं’ हे वाक्य त्यातून जगभर गेलं. पुढे, 2014 साली, अधिक बारकाईनं पाहिल्यावर कळलं की जागा सामाईक असली तरी दोन्ही वेदनांचे नमुने वेगळे आहेत. पण वाळीत टाकण्यानं काय होतं हे कळायला महाराष्ट्राला यंत्राची वाट पाहावी लागली नाही. जातपंचायतींनी घराघरांचं पाणी तोडलं, लग्नं मोडली, मयताला खांदा द्यायला माणूस मिळू दिला नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ही प्रकरणं वर्षानुवर्षं उजेडात आणली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली केलेला कायदा 2017 मध्ये लागू झाला आणि बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. ॲश यांच्या खोलीतल्या मुलाला फार तर ओशाळं व्हावं लागलं असतं. पंचायतीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत पणाला संसार लागलेला असतो. प्रयोगशाळेचे आकडे गावाला लावताना हा फरक विसरता येत नाही.

समूहाचे निर्णय मुळातच वाईट असतात, असं मात्र या पुस्तकाचं म्हणणं नाही. 1907 साली फ्रान्सिस गाल्टन यांनी प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाच्या वजनाबद्दल लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहिलेले 787 अंदाज तपासले. मधला अंदाज 1207 पौंड निघाला आणि खरं वजन त्याच्या एका टक्क्याच्या आत होतं. पण तिथे प्रत्येकानं आपली चिठ्ठी आपण लिहिली होती. 2011 साली झुरिकमध्ये 144 विद्यार्थ्यांना आकड्यांचे प्रश्न घालून एकमेकांचे अंदाज पाहू दिले, तेव्हा अंदाज जवळजवळ येत गेले, गट खऱ्या उत्तराच्या जवळ मात्र गेला नाही, आणि विद्यार्थ्यांची खात्री वाढली. एकमत वाढलं, शहाणपण वाढलं नाही, आणि ते वाढलं असं सगळ्यांना वाटलं. या तिन्ही गोष्टी एकत्र होतात तिथे मोठाले घोटाळे जन्मतात.

मग करायचं काय? आपण समाजसुधारक आगरकरांच्या गोष्टी सांगतो. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेल्या माणसाच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. पण ती गोष्ट ऐकून सोसायटीच्या सभेत हात वर करण्याचं बळ येतंच असं नाही. मेंदूची घडण अशी असेल तर धैर्याचा उपदेश करण्यापेक्षा बैठकीची रीत बदलणं जास्त फळ देईल, हे माझं ठाम मत आहे, आणि पुस्तकाचा उत्तरार्ध त्यावरच बेतला आहे.

या रीती जुन्या आहेत. ज्यूंच्या प्राचीन न्यायसभेत, सान्हेद्रिनमध्ये, देहदंडाच्या खटल्यात मत घ्यायला कडेला बसलेल्या कनिष्ठांपासून सुरुवात करत, म्हणजे थोरांचं ऐकून त्यांचं मत झुकू नये. लष्करी न्यायालयांतही सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचं मत आधी घेण्याची रीत आहे. आपल्याकडे त्याच तोडीचं उदाहरण म्हणजे उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या स्त्री मतदारांपैकी 25 टक्क्यांनी अर्ज केला, की दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. आडवीला यादीतल्या एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. नवरा, दीर, दुकानमालक, पुढारी यांच्यासमोर हात वर करून जी बाई कधीच बोलली नसती, ती पडद्याआड शिक्का मारते. ॲश यांच्या मुलाला कागद दिल्यावर जे झालं तेच इथे शेकडो बायकांच्या बाबतीत होतं. फक्त एक पळवाट उरली आहे. निम्म्या मतांची मोजदाद एकूण यादीवर होत असल्यानं घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते, आणि कोण घराबाहेर पडलं हे सगळं गाव बघतं. मत गुप्त आहे, रांग गुप्त नाही. दबाव आणणाऱ्यांना हे बरोबर कळतं.

सोसायटीची वार्षिक सभा घ्या. अध्यक्ष ठराव वाचतात, सूचक आणि अनुमोदक आधीच ठरलेले असतात, मग प्रश्न येतो, “सर्वांना मान्य?” दोन सेकंद शांतता. इतिवृत्तात नोंद होते, ठराव सर्वानुमते मंजूर. त्या दोन सेकंदांत साठ माणसं एकमेकांकडे बघतात, प्रत्येकाला उरलेले एकोणसाठ गप्प दिसतात, आणि ती शांतता हेच बहुमत ठरतं. त्याऐवजी ठराव मांडण्याआधी चिठ्ठ्या वाटल्या, अध्यक्ष शेवटी बोलले, आणि विरोधी मुद्दा मांडायचं काम सभेआधीच कुणा एकाकडे सोपवलं, तर खर्च शून्य आहे. शाळेच्या शिक्षकसभेत, बँकेच्या कर्जसमितीत, रुग्णालयात अवघड रुग्णाबद्दल चर्चा होते तिथेही हे करता येतं. विरोध करायला नेमलेला माणूस चुकीचा असला तरी चालतं, हे ॲश यांनी दाखवून ठेवलेलंच आहे.

पुस्तकाच्या पूर्वार्धात प्रयोग आहेत, उत्तरार्धात रीती. ज्यांना मेंदूच्या भागांची नावं जड वाटतील त्यांनी चौथं प्रकरण सोडून पुढे जावं, पण आठवणींवरचं पाचवं सोडू नये. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस मी माझा निष्कर्ष दिला आहे आणि त्याआधी एक पान कोरं ठेवलं आहे. माझं मत वाचण्याआधी त्यावर तुमचं मत लिहा, शाईनं लिहा, आणि वाचन मंडळात वाचत असाल तर चर्चेआधी ती पानं गोळा करून मोठ्यानं वाचा, सर्वांत धाकट्या वाचकापासून सुरुवात करून.